कुठलं नाव, कुठलं बोट

टाइमकीपर म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारी बाई, असं माझ्या सुनेला लग्नानंतर सहा महिने वाटत होतं. एक दिवस तिनं भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ माझ्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही बघता का जरा?" तेव्हा कुठे खुलासा झाला. तिची चूक नाही. आता टाइमकीपर उरलेत कुठे? दिवाळी अंकाच्या संपादकबाई आमच्याच सोसायटीतल्या. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "कारखान्यातल्या गमती लिहून द्या." मी हो म्हटलं. लिहायला बसले आणि लक्षात आलं, की गमती पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या एका गमतीचा अर्थ मला स्वतःलाच लागलेला नाही. ती मी केली होती. बरं केलं की वाईट, हे रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ठरत नाही. म्हणून तीच लिहिते.

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर आमची तीन मजली इमारत होती. खाली कटिंग आणि पॅकिंग, वरच्या दोन मजल्यांवर शिलाईच्या लाइनी. बायकांचे टॉप आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवून परदेशी पाठवायचे. कापड एका देशातून यायचं, बटणं दुसऱ्या देशातून, हात जोगेश्वरी-कांजूरच्या बायकांचे आणि मानेमागे लावायचं लेबल कुठल्यातरी तिसऱ्याच गावच्या दुकानाचं. त्या लेबलचा उच्चार आमच्याकडे चार जण चार तऱ्हांनी करायचे. पाचवी तऱ्हा साहेबांची, ती सगळ्यांत चुकीची होती असं पुढे कळलं.

माझी जागा गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताच्या केबिनमध्ये. समोर कार्डांचा रॅक आणि पंचिंग मशीन. प्रत्येकीनं आपलं कार्ड उचलायचं, मशीनमध्ये सरकवायचं, खट्ट आवाज होऊन वेळ छापली जायची. मग मी ती हजेरी मस्टरमध्ये उतरवायचे. टाइमकीपरला फ्रॉक शिवता आला नाही तरी चालतं, पण माणूस ओळखता आलं पाहिजे. एकीनं दुसरीचं कार्ड मारलं तर पकडायचं ते आम्हीच. मला चपलांच्या आवाजावरून बाई ओळखू यायची. मान मस्टरमध्ये घालून मी म्हणायचे, "वनिता, तीन मिनिटं उशीर." बायका दचकायच्या. या गुणाचा मला अभिमान होता. पुढे याच गुणाचा मी कसा उपयोग केला, ते सांगायचं आहे.

कारखान्यात थोडे लोक परमनंट होते, मी त्यांतली एक. बाकीचे सगळे टेंपररी, ठेकेदारामार्फत आलेले. एका ठिकाणी दोनशे चाळीस दिवस भरले की कायदा माणसाची थोडीफार दखल घेतो, त्याला वाटेल तेव्हा घालवता येत नाही. हा आकडा अंगठाबहाद्दर बाईलाही पाठ असायचा. साहेबांनाही असायचा. त्यामुळे सातवा महिना सरत आला की टेंपररी बाईला 'ब्रेक' मिळायचा. सुनेला ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी वाटली. आमच्याकडे ब्रेक म्हणजे महिनाभर घरी बसा, मग येऊन विचारा. जागा असेल तर घेऊ, पण पुन्हा पहिल्या दिवसापासून, नवी कामगार म्हणून. ब्रेकच्या चिठ्ठ्या वाटायचं काम माझं होतं. सातव्या महिन्यात बायका माझ्या केबिनसमोरून मान खाली घालून जायच्या.

सुलभा आमच्याकडे धागाकटिंगला होती. शिवून झालेल्या कपड्याचे सुटे दोरे छोट्या कात्रीनं कापायचे, त्याला धागाकटिंग म्हणतात. दिसायला सोपं काम, पण कात्री अर्ध्या सुतानं आत गेली की फ्रॉक बाद. सुलभाचा हात फार साफ होता. कुडाळकडची, लग्न होऊन जोगेश्वरीला आलेली, नवरा दुसऱ्याची रिक्षा चालवायचा. एरवी ती एकदम मुंबईचं बोलायची, "काय मॅडम, आज साडी झकास हां." घाबरली किंवा चिडली की मात्र थेट मालवणीत जायची. त्यावरून मला तिच्या घरातलं हवामान कळायचं.

ब्रेकची पहिली चिठ्ठी मी तिच्यापुढे धरली तेव्हा तिनं हात पुढे केलाच नाही.

"मॅडम, माका ब्रेक नको ओ."

"सगळ्यांनाच आहे गं. माझ्या हातात आहे का ते?"

"ह्यांचो पाय प्लास्टरात आसा. रिक्षा बंद. चेडवाक काय खावक घालू?"

तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मी तिची फाइल काढली. फाइलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला होता आणि त्यावर नाव होतं रुक्मिणी बाबाजी घाडी. कामावर घेताना तिनं तोच कागद दिला होता, कारण दुसरा जवळ नव्हता.

"तू तर सुलभा ना?" मी विचारलं.

"ते सासरचं. सुलभा सुरेश तांबे. आता रेशनकार्डावर तेच आहे."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मी स्वतः अशीच कुसुमची माधवी झाले. कुणी माधवी अशी हाक मारली की कितीतरी दिवस मी मागे वळून कोण आलंय ते बघायचे. त्या दुपारी सुलभाचे दोन कागद शेजारी ठेवून मी विचार केला, की नवऱ्यानं जे तांदळात केलं तेच मी मस्टरमध्ये केलं तर काय बिघडलं? रुक्मिणी घाडीला मी ब्रेकवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा तांबे ही नवी बाई कामाला लागली. त्याच स्टुलावर, तीच कात्री घेऊन. दोन्ही नावं खरी होती, दोन्ही कागद सरकारी होते. यात खोटं कुठे आहे, असं मी स्वतःला विचारलं आणि कुठेच नाही, असं उत्तर दिलं.

ती संध्याकाळ मला अजून आठवते. सुलभा गेटमधून बाहेर पडताना थांबली, माझ्या हातात दोन आवळे ठेवले आणि गेली. मी घरी मुलुंडला पोचेपर्यंत खुशीत होते. आपण कुणाच्या तरी घरची चूल विझू दिली नाही, असं वाटत होतं. अजूनही तेवढ्यापुरतं तसंच वाटतं.

पण अशी गोष्ट एकीपुरती राहत नाही. पुढच्या महिन्यात चौघी आल्या, आपापली माहेरची नावं घेऊन. मग अकरा जणी. मॅनेजर प्रधानसाहेबांनी मला वर बोलावलं तेव्हा मी मनाची तयारी करून गेले, की आज आपली वाट लागली.

"माधवीबाई, ही आयडिया कुणाची?"

"माझी, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं आपल्याला सुचली कशी नाही हो? लाइन बंद पडत नाही, नवीन बाई शिकवावी लागत नाही आणि कागद एकदम स्वच्छ." मग ते म्हणाले, "सगळ्या लग्न झालेल्या बायकांची यादी करा. माहेरचं, सासरचं, दोन रकाने."

मी यादी केली. शाबासकी मिळाली म्हणून थोडी फुशारलेही. पुरुषांना मात्र जन्माला एकच नाव, त्यामुळे त्यांचे ब्रेक चालू राहिले. पॅकिंगचा एक कामगार मला म्हणाला, "मॅडम, आमचं काय चुकलं? आम्हालापण कोणीतरी तांदळात लिहा ना." आम्ही सगळे खूप हसलो. आता ते आठवलं की वाटतं, त्या कारखान्यात मी सोडून सगळ्यांना कळत होतं की काय चाललंय.

दोन नावं आलटून पालटून किती दिवस चालणार? ठेकेदार म्हणाला, आधीच्या नावाला निदान वर्षभर विश्रांती हवी, नाहीतर डोळ्यावर येतं. मग तिसरं नाव निघालं. सुलभाची जाऊ संगीता गावी असायची, कुडाळजवळ काजूच्या बागेत कामाला. तिचं निवडणुकीचं कार्ड आलं. इथे मात्र माझं पेन थांबलं. रुक्मिणी खरी, सुलभा खरी, पण संगीता ही दुसरी जिवंत बाई होती.

"तिला विचारलंस का?" मी सुलभाला म्हटलं.

"विचारलं ना. ती म्हणाली, मी जन्मात मुंबई बघितली नाही, निदान माझं नाव तरी बघूदे."

मी हसले आणि लिहिलं. मी थांबायला हवं होतं ती जागा तीच होती, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, त्याच्या आधीची. आणि कधी वाटतं, थांबले असते तर ती त्या महिन्यात काय करणार होती, हे मला कुणीतरी सांगावं.

मग कार्डांचं मशीन गेलं आणि बोटाचं मशीन आलं. मी मनातून सुटले. एका माणसाचा अंगठा एकच, आता हा खेळ आपोआप बंद होईल आणि मला काही ठरवावं लागणार नाही. मी तसं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "हातांना दहा बोटं असतात, माधवीबाई."

मशीनला माणूस कळत नाही, बोट कळतं. रुक्मिणीच्या नावाला अंगठा दिला, सुलभाच्या नावाला अंगठ्याशेजारचं बोट, संगीताच्या नावाला मधलं. सकाळी गेटवर रांग लागली की बायका ओरडायच्या, "मॅडम, माझं कुठलं बोट चालूये?" मी यादी बघून सांगायचे. सरोजचं अंगठीचं बोट, वनिताचा अंगठा. चुकीचं बोट लागलं की मशीन किंचाळायचं आणि रांगेत हशा पिकायचा. मीही गळ्यातल्या कार्डावर जे नाव चालू असेल त्यानंच बायकांना हाक मारायची सवय लावून घेतली, म्हणजे कुणासमोर चूक नको. सुलभाला मी नऊ वर्षांत तीन नावांनी हाक मारली. ती तिन्हींना ओ द्यायची.

एकदाच घोटाळा झाला. ज्यांच्यासाठी आम्ही कपडे शिवायचो ते परदेशी लोक वर्षातून एकदा तपासणीला माणूस पाठवायचे. कामगारांना नीट वागवतात ना, संडास स्वच्छ आहेत ना, लहान मुलं तर कामाला नाहीत ना, हे बघायला. त्या वर्षी एक उंच, शांत बाई आली, बरोबर दुभाषी मुलगी. बाई लाइनीतून चालत थेट सुलभापाशी थांबली.

"तुमचं नाव?" दुभाषी मुलीनं विचारलं.

सुलभाच्या गळ्यात संगीताचं कार्ड होतं. ती त्या गोऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सुलभा." मग कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "आता खंयचा नाव सांगू?"

प्रधानसाहेबांचा चेहरा उतरला. मी पुढे झाले. काय बोलले ते माझं मलाच ठाऊक नव्हतं, पण मी तांदळाची गोष्ट सांगायला लागले. आमच्याकडे बाईला दोन नावं असतात, एक घरचं, एक कागदावरचं, लग्नात असं ताट घेतात, अशी अंगठी. तपासणीच्या बाईला ते इतकं आवडलं की कॅन्टीनमधून तांदळाचं ताट मागवलं. मी माझ्या अंगठीनं त्यात 'सुलभा' लिहून दाखवलं. बाईनं फोटो काढला. वहीत बराच वेळ लिहीत होती. जाताना तिनं दुभाषी मुलीकरवी सुलभाला एक प्रश्न विचारला, "तुम्हाला स्वतःला यातलं कुठलं नाव आवडतं?"

असा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. सुलभा म्हणाली, "मला कुठलंपण चालेल. रविवारी ओव्हरटाइम नको म्हणावं." दुभाषी मुलीनं काय भाषांतर केलं देव जाणे, बाई हसून पुढे गेली. आम्ही तपासणीत पास झालो. साहेबांनी पेढे वाटले. मला दोन दिले.

माझी रिटायरमेंट झाली आणि सहा महिन्यांत कारखाना बंद झाला. कुणी म्हणे काम बांगलादेशात गेलं, कुणी म्हणे व्हिएतनामला. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "तिकडच्या बायका आपल्यापेक्षा स्वस्त पडतात, माधवीबाई." तिकडच्या कुठल्या, ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. तिकडेही सातव्या महिन्यात ब्रेक देतात का, तिकडच्या बायकांनाही दोन नावं असतात का, असलं काहीतरी माझ्या डोक्यात येत राहिलं. परमनंट लोकांना कारखाना बंद होताना कायद्यानं जे द्यायचं ते दिलं. टेंपररी बायकांना सांगितलं, तुमच्यापैकी कुणाचीच नोकरी सात महिन्यांवर झालेली नाही, रेकॉर्ड बघा.

रेकॉर्ड माझ्या अक्षरात होतं.

एका दुपारी सुलभा मुलुंडला माझ्या दारात उभी राहिली. पिशवीत एक अर्ज होता. तिनं युनियनच्या जुन्या माणसाकडून लिहून घेतला होता. रुक्मिणी, सुलभा आणि संगीता ही एकच बाई आहे, तिनं सलग नऊ वर्षं काम केलेलं आहे, तिला जुनी कामगार धरावं, एवढंच त्यात मागितलं होतं. कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे तारीख होती.

"बाकीच्या कुणी नाही आल्या?" मी विचारलं.

"घाबरतात. म्हणतात, दुसऱ्याच्या नावावर काम केलं म्हणून आपल्यालाच आत टाकतील." तिनं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मी खोटं बोलत नाही हे तुम्हीच सांगू शकता. दुसरं कोण सांगणार?"

मुलगा ऐकत होता. ती गेल्यावर म्हणाला, "आई, तू कशाला पडतेस यात? मस्टरवर अक्षर तुझं आहे. तिला मदत करायला जाशील आणि स्वतः अडकशील." त्याचं बरोबर होतं. सुलभाचंही बरोबर होतं. मी पुढचे आठ दिवस दोघांचं बरोबर आहे, एवढंच स्वतःशी म्हणत भाजी निवडत होते. भीती वाटत होती, ते लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे उशीर लिहिले, माझ्या नावावर एक लेटमार्क नव्हता. या वयात तिथे जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं, की हे मस्टर खोटं आहे आणि ते मी केलं.

मी गेले. का गेले, याचं उदात्त कारण माझ्याकडे नाही. न जाऊन घरात बसवेना, इतकंच.

अधिकारी मध्यमवयीन, थकलेले, पण सभ्य गृहस्थ होते. कंपनीच्या वकिलांनी तीन नावांचे कागद टेबलावर तीन ठिकाणी ठेवले आणि म्हणाले, "साहेब, या तीन वेगवेगळ्या स्त्रिया आहेत. तीन फाइली, तीन बोटांची नोंद, मशीनचा रिपोर्ट सोबत जोडलाय. अर्जदार बाई यांतल्या नेमक्या कोण, ते त्यांनी आधी सांगावं."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "बाई, बाकीच्या दोघी कुठे आहेत?"

सुलभानं उजवा हात पुढे करून त्यांच्या टेबलावर पालथा ठेवला. धागाकटिंगच्या कात्रीनं अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा अजून होता. तिनं अंगठा हलवला. "ह्या रुक्मिणी." शेजारचं बोट हलवलं. "ह्या सुलभा." मग मधलं. "आणि ह्या संगीता. तिगीव हयच आसत, साहेब."

अधिकारी त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला माझा आवाज ऐकू आला, "हो साहेब. ती बोटं मी लावून घेतली. नावं मी लिहिली. पहिल्या दिवसापासून ही एकच बाई आहे, तिच्या चपलांचा आवाज मला ठाऊक आहे."

चपलांचं त्यांनी लिहून घेतलं नाही. बाकीचं लिहून घेतलं. मला वाटलं, आता वकील माझ्यावर तुटून पडतील. ते तसे पडले नाहीत. त्यांनी पिशवीतून आणखी तीन कागद काढले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "ठीक आहे, बाई एकच आहे असं धरू. पण कंपनी एक नव्हती. सुरुवातीला एक कंपनी होती, ती बंद झाली. मग दुसरी आली, मग तिसरी. आम्ही तिसरी. आमच्याकडे या बाईंची नोकरी फक्त सात महिन्यांची आहे."

हे खरं होतं. दर काही वर्षांनी गेटवरच्या पाटीचा शेवटचा शब्द बदलायचा. आधी एक्स्पोर्ट्स, मग अ‍ॅपरल्स, मग फॅशन्स. पेंटर तोच, इमारत तीच, साहेब तेच, माझी केबिन तीच. आम्हाला वाटायचं साहेबांना हौस आहे. कंपनीनंही तीन नावं घेतली होती, हे त्या खोलीत बसेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तिला कुणी बोटं दाखवायला सांगत नव्हतं.

अधिकारी म्हणाले, "या तीन कंपन्या एकच होत्या, असं दाखवणारं काही आहे का कुणाकडे?"

माझ्याकडे होतं. माझ्या रिटायरमेंटच्या कागदावर तिसऱ्या कंपनीनं, स्वतःच्या शिक्क्यानिशी, माझी नोकरी पहिल्या कंपनीच्या पहिल्या दिवसापासून सलग धरली होती. मी परमनंट होते, माझ्यासाठी ती एकच कंपनी होती. मस्टरवर माझं नाव तर एकदाही बदललेलं नव्हतं. तो कागद मी लॅमिनेट करून कपाटात जपून ठेवला होता. सुलभा माझ्या शेजारीच बसली होती. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली, कारण हे तिला आधी सांगावं असं मला आठ दिवसांत सुचलंच नव्हतं. पुढच्या तारखेला मी तो कागद नेऊन दिला.

निकाल काय लागला, असं विचाराल, तर पूर्ण लागलेला नाही. 'तिन्ही नावे एकाच कामगार स्त्रीची असल्याचे दिसून येते' असं एक वाक्य अधिकाऱ्यांनी लिहिलं. कंपन्यांचं प्रकरण वर कोर्टात गेलं, तिथे तारखा पडतायत. माझ्यावर अजून तरी काही झालेलं नाही. सुलभा त्या एका वाक्याची झेरॉक्स पिशवीत घेऊन फिरते.

ती आता मुलुंडच्या एका मॉलमध्ये साफसफाईच्या कामाला आहे, एजन्सीमार्फत. एजन्सीचं ऑफिस कुठे आहे, तिला माहीत नाही. पगार बंगळुरूहून येतो, तक्रार फोनवर करायची आणि फोन उचलणारी बाई हिंदीत फक्त 'नोट कर लिया' म्हणते. गेल्या महिन्यात ती भरदुपारी माझ्याकडे आली. मी म्हटलं, "आज सुट्टी?"

"ब्रेक," ती म्हणाली.

"सात महिने झाले?"

"झाले. सुपरवायझर आहे ना आमची, पोरगीच आहे, चांगली आहे. मला बाजूला घेऊन म्हणाली, मावशी, घरात अजून कोणाचं आधारकार्ड आहे का? दुसरं बोट लावू, ब्रेक नको तुम्हाला."

इतकी वर्षं मी ती गोष्ट माझी म्हणून वागवत होते, चांगली तर माझी, वाईट तर माझी. त्या मुलीनं तर माझं नावही ऐकलं नसेल. "तिला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"मीपण तेच विचारलं. म्हणाली, सगळीकडे असंच करतात."

"मग तू काय म्हणालीस? मुलीचं कार्ड आहे की तुझ्याकडे."

ती पाणी पीत होती. भांडं खाली ठेवलं आणि मालवणीत म्हणाली, "नको म्हटलंय. घरात बसतलंय. पण सुलभा म्हणान बसतलंय."

मी तिला रागावले, हे कबूल करते. म्हटलं, "अगं, महिनाभर काय करशील? नवऱ्याचं औषध आहे, घरभाडं आहे. नावात काय पडलंय एवढं?" बोलून गेले आणि मग माझं मलाच खटकलं. ज्या दिवशी तिला नको असलेली चिठ्ठी मी परत घेतली होती, त्या दिवशी मी बरोबर होते, तर आज ती चुकीची असायला हवी. आणि आज ती बरोबर असेल, तर मग त्या दिवसाचं काय? मला दोन्ही धरून ठेवता येत नाहीत आणि सोडवतही नाही. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मॅडम, एवढा विचार नका करू. म्हणून विचारलं नाही.

आतून सुनेची हाक आली, "आई, कोण आलंय? चहा किती टाकू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. नऊ वर्षं कार्ड बघून हाक मारलेली, जीभ आपोआप यादी शोधत होती. सुलभा माझ्याकडे बघत होती. मी अडखळतेय हे तिला कळलं होतं, पण या वेळी ती मदतीला आली नाही. नुसती वाट बघत बसली.

"सुलभा आलीये," मी म्हटलं. "सुलभा तांबे. तिघींचा टाक."